बाबांची फियाट आणि माझे उद्योग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझी ओळख करून देताना "सॉफ्टवेअर इंजिनिअर" म्हटलं गेलं, तेव्हा मागच्या रांगेत चारजणी फिस्सकन हसल्या. कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिखलाने माखलेल्या फियाटचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. मघाशी दारात बाईंनी विचारलं, "अगं, गाडी घसरवायला शिकावं लागतं होय?" म्हणून आज त्याच विषयावर बोलते. बाई, लागतं. आणि त्याआधी गाडीखाली झोपावं लागतं.

गाडी तीच, बाबांची प्रीमियर पद्मिनी. दहावीच्या परीक्षेला आपण सहाजणी कोंबून गेलो होतो ती. ऑक्टोबर 2023 अखेरीस मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, "आपली उभी राहून गंजतेय. भंगारात घालू नकोस, चालव." मी त्याचा जरा जास्तच अर्थ घेतला.

ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवायची, आणि गाडी आडवी होत असताना स्टिअरिंग उलट्या बाजूला देऊन तिला तशीच वळणावरून न्यायची. जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी 1970 च्या दशकात शर्यतींत असं करायचे. पुढे केइची त्सुचिया यांनी ते घाटरस्त्यांवरून जगभर पोचवलं. त्यांची लाडकी टोयोटा एई86 ही 1983 ची गाडी. तिची पुढची चाकं स्वतंत्र, मागे मात्र एकसंध अॅक्सल आणि ताकद मागच्या चाकांना. हे वाचून मी आमच्या पार्किंगमध्ये गेले आणि फियाटखाली बॅटरी मारली. इथेही तसंच! फरक इतकाच की टोयोटाला मागे कॉइल स्प्रिंग आणि अॅक्सल जागेवर धरणारे दांडे आहेत. आपल्याकडे पाटे. तेच पाटे वजन पेलतात आणि अॅक्सलही धरतात.

घाट म्हणाल तर आपल्यालाही काजूपाडा आहे. पण तिथे कंटेनरच्या रांगा असतात, आणि सार्वजनिक रस्त्यावर असले प्रकार करणं गुन्हा आहे. आम्ही वाड्याला मैत्रिणीच्या बंदिस्त जागेत जातो, तेही पावसाळ्यातच. 1089 सीसीच्या त्या इंजिनात सुक्या डांबरावर चाकं घसरवण्याची ताकदच नाही. चिखलात मात्र ती नाचते.

आता माझा मूर्खपणा. पगार बरा असलेला माणूस जे करतो तेच मी केलं. आधी महाग वस्तू आणल्या. पुढे कडक स्प्रिंग, कडक शॉकअब्सॉर्बर. मागे एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून पाट्यांत एक जादा पान. टॅक्सीवाले ओझ्यासाठी घालायचे तसं. गाडी दिसायला झकास झाली आणि चालायला भयंकर. पुढची चाकं वळवली तरी गाडी सरळच जायची, कारण पुढचं टोक कडक केलं की त्याची पकड आधी सुटते. मागे गॅस दिला की धडधडधड. अॅक्सल फिरायच्या जोराने पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळला जातो, मग सुटतो, पुन्हा पिळला जातो. चाक उड्या मारतं. घसरणं गुळगुळीत हवं, इथे बेडकासारखं.

भाईंदर पूर्वेला एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. पहार घेतली, पाट्याच्या डोळ्यात घालून हलवली. अॅक्सल चक्क पुढेमागे सरकला. "बेटा, इसका बुश ही खतम है." रबराचे बुश, दोनतीनशे रुपयांची वस्तू! मी स्टिअरिंग फिरवत होते आणि मागचा अॅक्सल स्वतःच्या मर्जीने दिशा ठरवत होता. आमच्या धंद्यात असं झालं तर आधी लॉग बघतात. मी सरळ नवा सर्व्हर विकत घेतला होता.

मग क्रम उलटा केला. आधी सगळे बुश नवे. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी कामं करणाऱ्या एका लेथवाल्याने त्यांचे मापाचे स्लीव्ह कातून दिले. जादा पान काढलं. मागे मध्यम शॉकअब्सॉर्बर आणि अॅक्सलचं पिळणं रोखणारा एक दांडा, नटबोल्टने बसणारा. पुढे मूळ स्प्रिंग परत. टायरमध्ये हवा पुढे 28, मागे 36. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येकाची वहीत नोंद. सर, प्रयोगवहीत "निरीक्षण" आणि "अनुमान" वेगळं लिहायची तुमची सक्ती इथे कामाला आली.

पुढच्या चाकांचा झुकाव मला सर्वांत आवडलेला भाग. गाडी डावीकडे वळते, भार उजव्या चाकावर, आणि स्टिअरिंग उलटं म्हणजे उजवीकडे. चाकाचा फिरण्याचा आस मागे कललेला असतो, त्यामुळे तेच भाराचं चाक वरून बाहेर झुकू लागतं आणि टायर कडेवर उभा राहतो. म्हणून आधीच ते वरून थोडं आत झुकवून ठेवायचं. मी दीड अंश ठेवलाय. खरे ड्रिफ्टवाले यापेक्षा बरंच जास्त ठेवतात.

त्यांच्यासारखं चाक जास्त वळावं म्हणून भाग कापून वेल्डिंग करतात, ते मी केलं नाही. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल कायद्याला चालत नाहीत, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. पण खरं कारण वेगळं होतं. कटर लावायच्या दिवशी बाबा खाली आले आणि बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी कटर परत दिला. तेव्हापासून नियम: पुन्हा काढता येणार नाही असं काही बसवायचं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गेल्या पावसात अलाइनमेंट करून आणली. कुठून ते सोडा. टाय रॉडच्या नटातली खिळीसारखी पिन परत घालायची राहिली होती. तिसऱ्या फेरीला नट ढिला होऊन निसटला, डावं चाक भलतीकडेच वळलं आणि गाडी विहिरीच्या कठड्यापासून दोन हातांवर थांबली. मी एकटीच होते. माझी मुलगी हेल्मेट घालून पुढच्या फेरीसाठी बांधावर उभी होती. मी पाच मिनिटं दार उघडू शकले नाही. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते दुसऱ्या रांगेत बसलेत.

बाबा, आता सांगितलं.

आता निघण्याआधी मुलगी गाडीखाली जाते, चारही पिना मोजते आणि वहीत सही करते. तिच्या सहीशिवाय किल्ली मिळत नाही. गाडी शाळेच्या फाटकाशी लावली आहे. त्या सहाजणींपैकी आज पाच आल्यात, सहावी दुबईहून व्हिडिओवर बघतेय. चहा झाला की एकेकीने यावं, स्टेशनपर्यंत नेते. सरळच नेईन.