पावसाचे पाणी आणि सार्वजनिक नाली

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावात सार्वजनिक नाल्यांची देखभाल ग्रामपंचायतीकडे असल्याने, छताचे व अंगणाचे पाणी त्यांत सोडण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी. घराचा जोडनळ नालीच्या तळापेक्षा पुरेसा उंच असावा, कारण तो खाली गेल्यास मुसळधार पावसात नालीचेच पाणी उलटे अंगणात शिरते. शिवाय काळ्या मातीचा बारीक गाळ नाली बुजवत असल्याने नळाच्या तोंडाशी गाळकुंडी, म्हणजे माती तळाशी बसवणारा लहान हौद, अत्यावश्यक ठरते. नालीची क्षमता मात्र मर्यादितच असते; ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्याही 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत अपुऱ्या पडल्या. म्हणून शक्य तितके पाणी आधी शोषखड्ड्यात जिरवावे आणि शौचालयाचे सांडपाणी या नालीत कदापि सोडू नये.