पाच वॅटचा भरदार सूर

मोठा आवाज आणि चांगला आवाज यांत आपण पुष्कळदा फरकच करीत नाही. जत्रेतला कर्णा घ्या, वरातीतली भिंतीएवढी ध्वनियंत्रे घ्या. आवाज जितका दांडगा तितका कार्यक्रम झकास, असा आपला समज. आज मी बोलणार आहे ते विजेवर वाजणाऱ्या गिटारीविषयी. खरे म्हणजे तिचा आवाज वाढवणाऱ्या पेटीविषयी. विषय परका वाटेल. पण ही गिटार आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचली आहे, आणि तिच्या पेटीपायी आळीत कुरबुरीही सुरू झाल्या आहेत. एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी मला विचारले, "सर, मुलानं हौसेनं व्हॉल्व्हचा लहान ॲम्प्लिफायर आणला. आवाज वाढवला तर शेजारी दार वाजवतात, कमी केला तर सूर अगदी मेल्यासारखा होतो. मग घरात वाजवायचं तरी कसं?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात थोडे विज्ञान, थोडे संगीत आणि थोडा शेजारधर्म दडलेला आहे.

आधी ही पेटी काय करते ते पाहू. गिटारीच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते, पण ती इतकी क्षीण की तिने स्पीकरचा कागद हलायचा नाही. तिला बळ देतो तो व्हॉल्व्ह. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तापलेला भाग असतो, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने या दोहोंच्या मध्ये एक तिसरा भाग बसवला, आणि तिथून ध्वनी मोठा करण्याची विद्या सुरू झाली. पुढे या भागाला जाळीचे रूप आले. शेतकरी श्रोत्यांना ही जाळी लगेच समजेल. पाटाच्या पाण्याचे दार आपण एका हाताने वरखाली करतो, आणि शेतात जाणारा सारा प्रवाह त्याप्रमाणे कमीअधिक होतो. हाताचे बळ थोडे, पाण्याचे मोठे. गिटारीकडून आलेली क्षीण वीज दार हलवते. मोठा प्रवाह भिंतीतल्या विजेचा असतो.

वडीलधाऱ्या श्रोत्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. त्याचा कान पिळला की लगेच आवाज येत नसे. आत तांबूस उजेड होई, थोडा वेळ जाई, आणि मग निवेदकाचा आवाज वर येई. त्या रेडिओत शेवटी जो मोठा व्हॉल्व्ह असे, तो पुष्कळदा तीनचार वॅटच शक्ती देई. तरी सकाळच्या बातम्या साऱ्या वाड्याला ऐकू जात. लहान गिटार ॲम्प्लिफायर हा या रेडिओचा सख्खा भाऊच म्हणायचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीचा 'चँप' नावाचा ॲम्प्लिफायर १९५०च्या दशकात असाच होता: पाच वॅट, आठ इंची स्पीकर, आणि बटण एकच, आवाजाचे. इंग्लंडमध्ये व्हॉक्स कंपनीने 'एसी-४' काढला, तो चार वॅटचा. ही यंत्रे शिकाऊ मुलांसाठी होती. पुढे सभागृहे मोठी झाली, श्रोत्यांचा कल्लोळ वाढला, आणि १९६५च्या सुमारास लंडनच्या जिम मार्शलने 'द हू' या वाद्यवृंदासाठी शंभर वॅटचे यंत्र बांधले. पण धाकटे भाऊ मागे पडले नाहीत. १९७० साली मायामी येथे एरिक क्लॅप्टन आणि त्याच्या साथीदारांनी 'लैला' ही गाजलेली ध्वनिमुद्रिका केली, तीत छोटा चँप वापरला होता.

आता तुम्ही म्हणाल, पाच वॅट म्हणजे रात्रीच्या बारक्या एलईडी दिव्याएवढी शक्ती. त्याने शेजाऱ्यांची झोप कशी मोडेल? इथेच वॅटचा हिशेब फसवा आहे. शक्ती दहापट केली तर आपल्या कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॅटचे यंत्र पाच वॅटच्या यंत्रापेक्षा दहापट नव्हे, दुप्पटच मोठे वाजते. उलट बाजूनेही तेच. पाचाचा अर्धा वॅट केला, तरी आवाज निम्माच होतो. गिटारीचा चांगला कार्यक्षम स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पाच वॅटवर तो १०७ पर्यंत जातो. आठ इंची स्पीकर याहून थोडा कमी देईल, पण बंद खोलीत तोही कान दडपून टाकील.

हा कानाचा प्रश्न मुलांच्या जन्माचा आहे, म्हणून आकडे ध्यानात ठेवा. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास, शंभरला पाव तास. १०६ला तर चार मिनिटेही पुरी मिळत नाहीत. कानाच्या आत ध्वनी टिपणाऱ्या ज्या नाजूक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तो कानाने दिलेला इशारा समजावा.

मग आवाज कमी ठेवला की सूर मरतो, तो का? याचे उत्तर आपल्या तंबोऱ्याजवळ आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा नसेल तर तार ठणठणीत, कोरडी वाजते. दोरा जागी बसला की त्याच तारेतून वरचे स्वर फुलतात. षड्जाची तार छेडली असता पंचम आणि स्वयंभू गंधार ऐकू येतो. आवाज मोठा झालेला नसतो, तो भरलेला असतो. व्हॉल्व्हही काहीसे असेच करतो. पाटाचे दार पुरते उघडल्यावर आणखी पाणी जाणार कुठून? तसा व्हॉल्व्ह त्याच्या शक्तीच्या कडेला आला की ध्वनिलहरीचे शिखर वर जात नाही, ते पठारासारखे सपाट होऊ लागते. या सपाटीतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे स्वर जन्माला येतात. व्हॉल्व्हमध्ये ही सपाटी हळूहळू येते, म्हणून ती कानाला गोड लागते. गिटारवाले ज्याला 'टोन' म्हणतात, तो बराचसा हाच. पण ही जवारी लागते यंत्र कडेला आल्यावर, आणि कडेला आलेले यंत्र घरात फार मोठे वाजते. शिक्षकांची अडचण ती हीच.

दुसरे कारण आपल्या कानातच आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज कमी झाला म्हणजे कानाला खर्जाचे स्वर फारच कमी ऐकू येतात, आणि अगदी वरचेही काहीसे कमी. म्हणून हळू वाजवताना सूर पोकळ वाटतो.

आता उपाय सांगतो.

पहिला उपाय बिनखर्चाचा. ज्या आवाजात रोज वाजवायचे, त्याच आवाजात खर्जाची आणि तारसप्तकाची बटणे जुळवा. खर्ज थोडा वाढवा, वरचे स्वर चवीपुरते. मोठ्या आवाजात जुळवलेली बटणे हळू वाजवताना उपयोगी पडत नाहीत.

दुसरा उपाय पेटीच्या जागेचा. पेटी जमिनीवर आणि वाजवणारा उभा असेल, तर वरचे टोकदार स्वर त्याच्या पायांवरून जातात. त्याला आवाज मंद वाटतो, म्हणून तो बटण पिळतो, आणि शिक्षा समोरच्या घराला होते. पेटी स्टुलावर ठेवा किंवा मागे कलती करून तिचे तोंड आपल्या कानाकडे करा. भिंतीच्या कोपऱ्याजवळ सरकवली तर खर्ज आपोआप भरतो. मात्र शेजाऱ्याची सामाईक भिंत असेल तर ती टाळावी, आणि पेटीखाली जाड सतरंजी घालावी, म्हणजे थरथर जमिनीतून पलीकडे जाणार नाही.

तिसरा उपाय बटणांचा. काही यंत्रांना दोन बटणे असतात: एक आधीच्या लहान व्हॉल्व्हला किती रेटायचे ते ठरवते, दुसरे शेवटी बाहेर किती सोडायचे ते. पहिले वाढवा, दुसरे उतरवा. आधीच्या व्हॉल्व्हची जवारी लागेल आणि खोली शांत राहील. मोठ्या व्हॉल्व्हचा भरीवपणा यात पुरता येत नाही, पण रोजच्या रियाजाला हे पुरते. गिटारीवरचे बटणही विसरू नये. ते थोडे उतरवले की सूर स्वच्छ होतो, चढवले की खरखरीत. निम्मी कला त्या बटणात आहे.

चौथा उपाय, थोडा खर्चाचा. यंत्र आणि स्पीकर यांच्यामध्ये ॲटेन्युएटर नावाची पेटी जोडतात. ती बरीचशी शक्ती उष्णतेत घालवते आणि थोडीच स्पीकरकडे जाऊ देते. व्हॉल्व्ह कडेला राहतो, आवाज उतरतो. अलीकडच्या काही यंत्रांत पाच वॅटचा अर्धा वॅट करणारा खटका असतो, तोही उपयोगी. ॲटेन्युएटर घेताना त्याचा ओहमचा आकडा यंत्राशी जुळतो की नाही, आणि यंत्राची शक्ती त्याला पेलेल की नाही, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

पाचवा उपाय हाताचा. व्हॉल्व्ह कडेला असताना सहाही तारा एकदम झोडल्या तर स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. नुसता षड्ज आणि पंचम, अशा दोन तारा वाजवून पाहा. तोच सूर भरदार लागेल.

यापुढचे बोलणे सर्वांत महत्त्वाचे आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे ते चारशे व्होल्ट दाब असतो, आणि आतले कपॅसिटर यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ धरून ठेवू शकतात. म्हणून मुलांनी ते कधीही उघडू नये. दुरुस्ती कारागिराकडूनच करावी. स्पीकरची तार काढून यंत्र चालू करू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. हेडफोनसाठी वेगळी सोय दिलेली नसेल तर स्पीकर काढून तिथे हेडफोन जोडू नये. परदेशातून आणलेले यंत्र १२० व्होल्टचे असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावू नये. मध्ये दाब उतरवणारा योग्य ट्रान्सफॉर्मर हवा.

आणि अर्थिंग! गिटारीच्या तारा बहुधा आतून यंत्राच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेल्या असतात. यंत्रात बिघाड झाला आणि घराला अर्थिंग नसले, तर वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येते. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. आपल्याकडे खेड्यांत तीन भोकांची सॉकेटे भिंतीवर दिसतात, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. गिटार घेण्याआधी वायरमन बोलावून एवढे तपासून घ्या. त्याची मजुरी पेटीच्या किमतीपुढे काहीच नाही.

शिकायला सुरुवात करणाऱ्याला व्हॉल्व्हचेच यंत्र हवे असेही नाही. ट्रान्झिस्टरचे यंत्र स्वस्त, हलके आणि हळू आवाजात बरेचसे सारखे वाजणारे असते. हात बसल्यावर आणि कान तयार झाल्यावर व्हॉल्व्हचा विचार करावा. रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया या देशांत व्हॉल्व्ह अजून बनतात, त्यामुळे ते बदलायला मिळतात.

शेजारधर्माचेही एक माप आहे. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते पहाटे सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शिक्षकांना यातून वर्गासाठी एक चांगला प्रयोग मिळेल. मोबाइलवर आवाज मोजणारे ॲप घ्यावे. आकडा अंदाजाचाच समजावा. यंत्रापासून एक, दोन आणि चार मीटरवर, मग दाराबाहेर, मग शेजाऱ्याच्या ओट्यावर मोजावे आणि मुलांना तक्ता करायला सांगावे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की सुमारे सहा डेसिबल उतरतात. खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून कमी उतरतात. हे का, ते मुले स्वतःच शोधतील.

आणि ओट्यावर गेलाच आहात, तर शेजारच्या आजींना एवढे विचारून या की, मुलाने कोणत्या वेळी वाजवलेले तुम्हाला चालेल? त्यांनी दिलेली वेळ पाळली, तर पुढच्या खेपेला त्या दार वाजवतील ते कदाचित नवे काय बसवले आहे हे ऐकण्यासाठी.