मुलचेऱ्याची दाढ, नागपूरची खुर्ची

व्याख्यानमालेत आरोग्यावर बोलायचं ठरलं की हृदय येतं, मधुमेह येतो, हल्ली मनही येतं. दाताला अजून व्यासपीठ मिळालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातल्या साडेतीन अब्ज माणसांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, म्हणजे जवळपास निम्म्या मानवजातीला. तरीही दातांचं दुखणं आपण अर्धं सौंदर्यशास्त्रात आणि अर्धं विनोदात ढकलून दिलं आहे. शहरात हे खपून जातं, कारण तिथे चौकाचौकात दवाखान्याची पाटी असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात ते खपत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी दंतवैद्यक पोहोचायचं असेल, तर दातांच्या डॉक्टरची वाट पाहणं सोडून दातांच्या डॉक्टरचं काम वाटून द्यावं लागेल. आणि हे होऊ शकतं याचा पुरावा बाहेर शोधायची गरज नाही, तो याच जिल्ह्यात आहे.

मुलचेरा तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती. गोंड आणि माडिया, तेलुगू बोलणारे, शिवाय फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि इथे वसवलेल्या बंगाली निर्वासितांची गावं, असा हा मिश्र तालुका. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली दूर आणि शासकीय दंत महाविद्यालय थेट नागपूरला. अशा ठिकाणी कीड लागलेल्या दाढेचा हिशोब करून पाहा. दाढ वाचवायची म्हणजे मुळापर्यंत उपचार आणि त्यासाठी दोन-तीन खेपा. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचीही बुडालेली मजुरी. मोहफुलं वेचायच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात तर एकेक दिवस मोलाचा, कारण वर्षभराची रोकड त्या थोड्या आठवड्यांत हाती येते. दाढ उपटून टाकली की एका खेपेत काम संपतं. म्हणून माणूस आधी दाढेत तंबाखूची चिमूट दाबून धरतो, ठणका असह्य झाला आणि गाल सुजला की निघतो, आणि डॉक्टरला सांगतो, काढूनच टाका. आपण याला अडाणीपणा म्हणतो, अनास्था म्हणतो. मला तो चोख व्यवहार वाटतो. ज्या व्यवस्थेत दात वाचवणं हे तो गमावण्यापेक्षा महाग पडतं, तिथे शहाणा माणूस दुसरं काय करील?

यावरचा सरकारी उपाय ठरलेला आहे, पद निर्माण करा. आरोग्यसेवेच्या निकषांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर दंतशल्यचिकित्सक आहे. समजा ते पद भरलं, खुर्ची आली, कॉम्प्रेसर आला, वीज टिकली, आणि बिघाड झाल्यावर दुरुस्तीला माणूसही वेळेवर आला. तरीही साधा गुणाकार आडवा येतो. पंचेचाळीस हजार तोंडं वर्षातून एकदा नुसती पाहायची म्हटलं, तर तीनशे कामाच्या दिवसांत रोज दीडशे होतात. एका भरणीला अर्धा तास धरला, तर दिवसाला पंधरा-सोळांच्या पुढे मजल जात नाही. एक डॉक्टर दीडशे तोंडंही पाहील आणि भरण्याही करील, हे कागदावरसुद्धा जमत नाही. दंतशिबिरांचंही तेच. शिबिरं भरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल आदर ठेवून म्हणावं लागतं की एका दिवसाच्या शिबिरात प्रामुख्याने दात निघतात. दात वाचवायला पुन्हा यावं लागतं, आणि शिबिर तर संध्याकाळी उठलेलं असतं.

खरा धोका मात्र दाढेत नाही, गालात आहे. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारीची बारीक खांड, तंबाखू आणि चुना, हा या जिल्ह्यात चहाइतका सहज मिळतो. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी टपरीवरचा हात घोटतच राहिला. तंबाखूचं आपण ऐकतो, सुपारीचं विसरतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने विसाव्या नाही, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला निःसंदिग्धपणे नोंदवलं, इतका उशीर लागला. सुपारीने गालाची आतली त्वचा हळूहळू ताठरते, फिकी पडते, दोरखंडासारखे पट्टे लागतात आणि तोंड उघडेनासं होतं. हे ओळखायला यंत्र लागत नाही. माणसाची स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील, तर त्याला पुढे पाठवायला हवं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हेही उजेडात डोळ्यांनी दिसतं.

मग ते पाहायचं कोणी? तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरते, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, न भरणारी जखम आहे का, हे प्रश्न आधीपासून आहेत. प्रश्न विचारला जातो, उत्तर लिहिलं जातं. त्या उत्तराचं पुढे काय करायचं, तिथे साखळी तुटते. गडचिरोली जिल्ह्यात 2016 पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम काम करतो आहे. तोंडाची तपासणी त्या प्रबोधनाला जोडली, तर उपदेशाला आधार मिळेल. खर्रा वाईट हे कोणाला ठाऊक नाही? पण आपल्याच गालातला चट्टा आरशात पाहिलेल्या माणसाशी बोलणं वेगळं असतं.

आता याच जिल्ह्यातल्या पुराव्याकडे येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यात जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणंही होतं. त्या वेळी हे धाडस अनेक डॉक्टरांना बेजबाबदारपणाचं वाटलं, कारण नवजात बाळाला सुई टोचायची ती बालरोगतज्ज्ञाने, असा दंडक होता. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे घरोघरी नवजात काळजी हा देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झाला. ज्या जिल्ह्याने दोन किलोच्या बाळाचा जीव गावातल्या बाईच्या हाती सुरक्षित राहतो हे जगाला दाखवलं, तिथे दाढेतली कीड मात्र पदवीधरानेच खरवडली पाहिजे, हा आग्रह मला विसंगत वाटतो.

खरवडण्याची ही पद्धतही नवी नाही. 1980 च्या दशकात टांझानियात ती आकाराला आली. ड्रिल नाही, वीज नाही, बहुतेकदा भूल देण्याचीही गरज नाही. मूल टेबलावर आडवं झोपवायचं, दाताच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या वळ्या ठेवायच्या, छोट्या चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेला किडका भाग कोरून काढायचा. मग ग्लास आयोनोमर सिमेंटची भुकटी आणि द्रव कालवून ते खड्ड्यात भरायचं आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून धरायचं. काही मिनिटांत ते घट्ट होतं. हेच सिमेंट, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला किंवा परिचारिकेला हे शिकवता येईल. डॉक्टरने मुळाचे उपचार, अवघड दाढा आणि बायोप्सी करावी, आणि या सगळ्यांच्या कामावर देखरेख ठेवावी.

यावर सगळ्यात टोकदार आक्षेप असा, की शहराला डॉक्टर आणि आदिवासीला अर्धवट शिकलेली माणसं, ही दुय्यम दर्जाची सेवा नव्हे काय? हा आक्षेप झटकण्याजोगा नाही. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं उत्तर मी देणार नाही. ते उत्तर गरिबाच्या बाबतीतच का सुचतं, हे ज्याचं त्याने तपासावं. उत्तर दर्जाच्या मोजमापातूनच यायला हवं. दाताच्या एकाच पृष्ठभागावरच्या लहान खड्ड्यांत हाताने केलेली भरणी नेहमीच्या भरणीइतकी टिकते, मोठ्या खड्ड्यांत ती कमी टिकते. म्हणजे कुठे थांबायचं ते ठाऊक आहे, आणि तिथून पुढे डॉक्टर. शिवाय ही व्यवस्था फक्त गरिबांसाठी निघाली असंही नाही. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून न्यूझीलंडचं सरकार हबकलं आणि 1921 पासून शाळकरी मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका त्या देशाने उभ्या केल्या. अलास्कातल्या दूरच्या आदिवासी वस्त्यांनी आपली माणसं न्यूझीलंडला पाठवून हेच शिकवून आणलं. अमेरिकेतली दंतवैद्यांची संघटना कोर्टात गेली, पण 2007 मध्ये वाद मिटला आणि ती माणसं कामावर राहिली.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, पदवीधर कामाविना फिरतात, मग त्यांनाच पाठवा की! जरूर पाठवावं, पदंही भरावीत. पण पदवीसाठी लाखो रुपये मोजलेला तरुण जिथे खुर्ची चालेल याचीच शाश्वती नाही तिथे किती टिकणार? आणि तो टिकला तरी मघाचा गुणाकार बदलत नाही. हाताखाली माणसं असतील, तरच एका डॉक्टरच्या असण्याला अर्थ येतो. तिसरा आक्षेप आशाताईंच्या ओझ्याचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मोबदल्यासाठी ज्यांना 2021 आणि 2023 मध्ये संपावर जावं लागलं, त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम फुकट टाकणं हा अन्याय होईल. पैसे द्यावेत, आणि ते फॉर्म भरण्याचे नव्हेत, तर पाठवलेला माणूस प्रत्यक्ष तपासला गेला याचे.

कायद्याचा अडसर आहे, पण तो हलू शकतो. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात दातांची सफाई करणाऱ्या साहाय्यकाला जागा होती, उपचार करणाऱ्याला नव्हती. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला, तेव्हा नियम नव्याने लिहिण्याची संधी आली आहे. सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर आश्रमशाळांतून. शाळांच्या आरोग्य तपासणीत दंतक्षयाची नोंद आताही होते, कार्डावर खूण होते, पालकांना सांगितलं जातं. पण पालक राहतात दूरच्या गावात, म्हणून पुढल्या वर्षी त्याच दातापुढे तीच खूण होते. तपासणारं पथक शाळेत आलेलं असतं, मूल समोर असतं, टेबल असतं. तो लहान खड्डा तिथल्या तिथे भरायला पथकात एक प्रशिक्षित परिचारिका आणि सिमेंटची डबी एवढंच कमी आहे. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ पुन्हा येत नसते, आणि आश्रमशाळेत पहिलीला मुलं येतात ती साधारण त्याच वयात.