वाहक मातेचे दूध

बाळंतपणापूर्वी रक्त तपासले आणि त्यात ‘हिपॅटायटिस बी’ या यकृतरोगाचा विषाणू आढळला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो बाळाच्या दुधाचा. स्त्री हिंडती-फिरती असते, डोळे पिवळे नसतात, अन्नावर वासना असते. तरीही कावीळवालीचे दूध नको, असा निकाल वडीलधारी मंडळी देऊन मोकळी होतात. मग पहिले चिकाचे दूध वाया जाते, बाटली येते, आणि बाटलीमागोमाग पुष्कळदा हगवण.

ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. विषाणूचे अंश दुधात सापडतात, हे खरे. परंतु दुधात अंश सापडणे आणि दुधातून रोग जडणे या भिन्न गोष्टी होत. हा भेद उजेडात आला तो तैवानात. या बेटावर त्या काळी शंभरांतील पंधरा-वीस माणसे हा विषाणू अंगी बाळगून असत. पामर बीझली हा अमेरिकन वैद्य व त्याचे सहकारी यांनी तेथील वाहक मातांच्या मुलांचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. लस तेव्हा उपलब्ध नव्हती. अंगावर पिणाऱ्या ९२ मुलांपैकी ४९ जणांना लागण झाली होती, तर वरच्या दुधावरील ५५ पैकी ३३ जणांना. म्हणजे शेकडा ५३ आणि शेकडा ६०. दूध तोडून काहीही साधले नव्हते!

मग लागण होते कोठे? बहुतांशी प्रसूतीच्या समयी, मातेच्या रक्ताशी व स्रावांशी संबंध येतो तेव्हा. आणि तान्हेपणीची लागण सहसा सुटत नाही. अशा शंभर मुलांपैकी सुमारे नव्वद जणांच्या शरीरात विषाणू कायम ठाण मांडतो. प्रौढांत हे प्रमाण शेकडा पाचांहूनही कमी. पुढे त्यांतील काहींना यकृताचा कर्करोग गाठतो.

म्हणून खरी घाई करावयाची ती टोचणीची. जन्मापासून चोवीस तासांच्या आत पहिली लस मिळालीच पाहिजे, मग प्रसूती घरी होवो वा इस्पितळात. मिळू शकल्यास बारा तासांच्या आत तयार प्रतिद्रव्यांची सुई दुसऱ्या मांडीत द्यावी. ती महाग असते व सर्वत्र मिळत नाही. तिची वाट पाहत लस मात्र अडवून ठेवू नये. तैवानात वाहक मातांच्या नवजातांना लस देण्यास १९८४ साली आरंभ झाला, आणि तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग घटल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात २०११ पासून ही लस देशभर आहे: एक जन्मतः, पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पाच रोगांवरील संयुक्त लसीतून.

पाजण्यासाठी लसीची वाट पाहण्याचेही कारण नाही. स्तनाग्राला भेग पडून रक्त येत असेल, तर ती भरून येईपर्यंत त्या बाजूचे दूध काढून टाकावे व दुसऱ्या बाजूने पाजावे, असा सावधगिरीचा सल्ला पुष्कळ डॉक्टर देतात. मातेस टेनोफोव्हिर हे औषध चालू असले, तरी ते दुधात अत्यल्प उतरते. त्यापायी पाजणे थांबवावे लागत नाही.

लसीचे सर्व डोस झाल्यावर बाळाचे रक्त तपासून घ्यावे, पण नऊ महिने उलटल्यावर. त्याआधी तपासल्यास सुईतून आलेली प्रतिद्रव्येच दिसतात आणि लस लागू पडल्याचा खोटा भरवसा वाटतो.