केळीचा खांब आणि मुलांची दृष्टी



रावेर तालुक्यातील एखाद्या चौथीच्या वर्गास ‘माझा आवडता वृक्ष’ हा विषय निबंधाला द्यावा आणि वह्या गोळा करून पाहाव्यात. पुष्कळ वह्यांत आंबा सापडेल. तो फळांचा राजा आहे, त्याची सावली दाट असते, त्याच्या पानांचे तोरण बांधतात. वाक्ये ठरलेली आणि त्यांचा क्रमही ठरलेला. त्याच वेळी शाळेच्या कुंपणापलीकडे केळीची बाग उभी असते, मुलाचे वडील पहाटेपासून तिथे पाणी देत असतात, आणि मुलाच्या सदऱ्यावर चिकाचा काळा डाग असतो. तरी केळ वहीत उतरत नाही. जे रोज दिसते ते लिहिण्याजोगे नसते, असा त्या मुलाचा समज झालेला असतो. आणि हा समज त्याने घरून आणलेला नसतो.

गंमत अशी की, केळ हा वृक्ष नव्हेच. ज्याला सर्वजण खांब म्हणतात ते खरे खोडही नव्हे. पानांचे देठ तळाशी रुंद होऊन एकात एक गुंडाळले जातात आणि त्यांचाच तो खांब होतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. केळ निसवण्याची वेळ आली म्हणजे त्या कंदातून फुलोऱ्याचा दांडा खांबाच्या मधोमध चढत जातो आणि शेंड्यातून बाहेर पडून खाली वाकतो. जांभळट पाकळीसारखे एकेक आवरण उचलले जाते, त्याखालून एकेक फणी प्रकट होते. घड खाली लोंबतो, पण त्यातील केळी मात्र वर वळतात. का बरे वळत असतील? एवढा प्रश्न विचारून शिक्षकाने थोडा वेळ गप्प बसावे. उत्तर लगेच सांगण्याचा मोह आवरणे, हे या धंद्यातील फार अवघड काम आहे.

खांबाचा आडवा काप फळ्याजवळ ठेवला तर कोणी म्हणेल, हा मोठा कांदा. कोणाला त्यातील पोकळ्यांच्या रांगा पाहून मधमाश्यांचे पोळे आठवेल. सातपुड्याच्या पायथ्याचे एखादे मूल तिसरेच काही म्हणेल, आणि ते कदाचित तडवी किंवा पावरी बोलीत म्हणेल. सोललेल्या केळ्याच्या टोकावर बोट हळूच दाबले तर त्याच्या तीन उभ्या फाका होतात. रोज केळे खाणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? किती मोठ्या माणसांना?

याच जिल्ह्यातील आसोदे या गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरातील आणि शेतातील कामे करता करता त्या गाणी रचीत. त्यांच्यापुढे जे होते ते खानदेशातील प्रत्येक शेतकरणीपुढे होते: जाते, चूल, तवा, पेरणी, सुगरणीचा खोपा. उभ्या पिकात शिरणारे, हाकलले तरी पुन्हा फिरून येणारे जनावर कोणी पाहिले नव्हते? पण ते पाहून बहिणाबाईंना माणसाचे मन आठवले.

ही दैवी देणगी होती, असे म्हणून विषय संपविणे सोयीचे असते. परंतु या हकिकतीचा दुसरा भाग शिक्षकांच्या अधिक कामाचा आहे. बहिणाबाईंच्या तोंडची गाणी त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी, आणि त्यांचे एक आप्त यांनी टिपून ठेवली होती. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झाले. सोपानदेव शिकलेले होते. आईचे बोलीतील शब्द ‘शुद्ध’ करून घेण्याची बुद्धी त्यांना झाली असती तर ती गाणी आज आहेत तशी उरली नसती. ज्या ओळी कोणीच टिपल्या नाहीत त्या तर कायमच्या गेल्या. १९९० साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्यास या निरक्षर स्त्रीचे नाव आहे.

म्हणून वर्गात आधी कोणाची गरज असेल तर ती सोपानदेवांची. मूल बोलले की ते वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे. प्रमाणभाषेतील शब्द त्याच्या शेजारी उद्या लिहिता येईल. पहिल्याच क्षणी लाल शाई आली की मूल पुन्हा आंब्याकडे वळते.

‘अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो, तपासणी व्हायची असते’ हा आक्षेप खोटा नाही. नीटनेटक्या, एकसारख्या निबंधांची वही पाहणाऱ्यास बरी वाटते, हेही खरेच. पण साधनांच्या अभावाचे कारण मात्र पुढे करू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला खडे, शिंपले, पाने, बिया यांवर बालशिक्षण उभे केले. आपल्या भागात तर घड कापून नेल्यावर उरलेले खांब बांधावर पडलेलेच असतात; त्यांची किंमत कोणी मागत नाही.

एखाद्या शनिवारी असा एक खांब आणवावा. विळा शिक्षकाने स्वतःच्याच हाती ठेवावा. काप ओला असतो, म्हणून खाली पोते अंथरावे, आणि त्या दिवशी शिक्षकाने जुना सदरा घालावा. चिकाचा डाग जात नाही, हे मुलांना सांगावे लागणार नाही.