विद्रूप कोण, चित्र की चित्रातले जग?
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका चित्रस्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलाने ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेला माणूस काढला होता. अंग चिखलाने माखलेले, तोंडाच्या जागी नुसते भोक. पाहुणे येणार, असले किळसवाणे चित्र भिंतीवर कसे लावायचे, असे ठरवून आम्ही ते बाजूला ठेवले. मीही मान डोलावली. नंतर ऑटो डिक्स या जर्मन चित्रकाराची चित्रे पुस्तकात पाहिली आणि मला माझीच लाज वाटली.

डिक्सचा जन्म १८९१ चा. वडील लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात कामगार. पहिल्या महायुद्धात तो आपखुशीने गेला, मशिनगन चालवली, जखमी झाला, पदकही मिळवले. म्हणजे घरी बसून युद्धाला नावे ठेवणारा हा माणूस नव्हे. १९१८ साली जर्मनीचा पराभव झाला. बादशाही गेली, रस्त्यारस्त्यांवर गोळीबार झाले, आणि १९२३ च्या अखेरीस एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत. हातपाय गमावलेले सैनिक फुटपाथवर आले.

१९२० साली डिक्सने हेच रंगवले. एका चित्रात हातपाय नसलेला आंधळा सैनिक काड्यापेट्या विकतो आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त घाईने दूर जाणारे पाय दिसतात. एक कुत्रा त्याच्यावर मुततो आहे. दुसऱ्या चित्रात तीन अपंग पत्ते खेळतात. एकाने पत्ते पायाच्या बोटांत धरले आहेत, एकाचा जबडा धातूचा आहे. तिसऱ्यात चार लुळेपांगळे सैनिक ओळीने चालले आहेत आणि मागे दुकान आहे ते चपला-बुटांचे! हसू येते आणि घशातच अडकते. आपल्या भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्साला रसांमध्ये जागा आहे, ती उगीच नव्हे.

लोकांना राग आला. तो युद्धाचा नव्हे, चित्राचा! खंदकातल्या सडलेल्या प्रेतांचे त्याचे एक मोठे चित्र कोलोनच्या संग्रहालयाने १९२३ मध्ये घेतले होते, तेही परत करावे लागले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच ड्रेस्डेनच्या कला अकादमीतली त्याची प्राध्यापकी गेली. त्याची चित्रे देशाची लढण्याची इच्छा खच्ची करतात, असा ठपका होता. १९३७ साली म्युनिकमध्ये ‘भ्रष्ट कला’ म्हणून प्रदर्शन भरवले, त्यात त्या चार सैनिकांचे चित्र शूरांची विटंबना म्हणून टांगले. स्वतः खंदकात राहिलेल्या माणसावर हा आरोप! मूळ चित्र पुढे नाहीसे झाले. आज त्याच विषयावरचा त्याचा छापा पाहायला मिळतो. आणि दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, त्याच सरकारने पुन्हा युद्ध पेटवले. नवे अपंग तयार होऊ लागले.

विद्यार्थी मित्रहो, मला एवढेच सांगायचे आहे की डिक्सने कोणालाही कुरूप केले नाही. ते काम आधीच झाले होते. त्याने फक्त तोंड फिरवले नाही.

त्या मुलाचे चित्र मी पुढे शोधायला गेलो. स्पर्धेची नाकारलेली चित्रे केव्हाच रद्दीत गेली होती. मुलाचे नावही कोणी लिहून ठेवले नव्हते.