आठवड्याला एकदा विचारा

आज डॉक्टर झालेल्या मुलामुलींनो,

मी आयुष्यभर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला रेडिएशन दिले, आमचे पेशंट ज्याला ‘शेक’ म्हणतात ते. शिकलो कोबाल्टच्या मशीनवर. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे, एकूण मात्रा ६६ ते ७० ग्रे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटायचे, चव जायची, लाळ चिकट व्हायची. ज्या रुग्णालयात मी उमेदवारी केली तिथे केसपेपरवर दर सोमवारी एकच ओळ पडे: ‘उपचार सहन होत आहेत’. धारावीच्या कुंभारवाड्यात राहणाऱ्या एका कारागिराच्या पेपरवर ती सलग तीनदा होती. चौथ्या आठवड्यात त्याला पाण्याचा घोटही गिळवेना आणि तो यायचा थांबला. रजिस्टरात शेरा पडला, ‘पळाला’. नाकातून नळी वेळेवर घातली असती तर तो कशाला थांबला असता? अशा उपचारात एका दिवसाचा खंड पडला तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. तो शेरा मारणाऱ्यांचा राग मला आजही येतो. दंतवैद्याची जागाही तिथे कायम रिकामी. किडके दात शेकाआधी काढले नाहीत तर नंतर जबड्याचे हाड सडते, हे वरिष्ठांना सांगून आमचे घसे सुकले.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली साताऱ्याकडची एक आजी आठवते. वेदना शून्य ते दहात किती, असे विचारले तर ती गप्प. मग म्हणाली, “डॉक्टर, बारा आणे दुखतंय.” पुढच्या आठवड्यात, “आता चौदा आणे.” तिने सांगितलेला चढ इतका नेमका होता की सोळा आणे व्हायच्या आत आम्ही औषध वाढवले. तिचा एकही शेक चुकला नाही.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये लक्षणांची अशी शून्य ते दहाची यादी पेशंटकडून भरून घेतात. त्या आकड्यांवरून कोणाला पुढे किती त्रास होईल, याचा अंदाज संगणक बांधू पाहतो. काम मोलाचे आहे. कानाजवळच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी मात्रा गेली तर लाळ बरीच परतते, हेही अशाच चिकाटीच्या नोंदींतून कळले. पण त्यांच्याकडे विषाणूमुळे होणारे घशाचे कॅन्सर पुष्कळ. आपल्याकडे तंबाखू-सुपारीने झालेला गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर, आधीच दोन बोटेही न उघडणारे तोंड आणि उपचाराआधीच घटलेले वजन. त्यांच्या आकड्यांवर शिकलेले यंत्र आपल्या माणसाचा त्रास कमी लेखेल आणि आपण त्यावर विश्वास ठेवू. मला खरी भीती याची आहे. आपल्या पेशंटचा अंदाज आपल्याच नोंदींतून निघेल, आणि त्या नोंदी आज आपल्याकडे फार थोड्या आहेत.

तुमच्यातले बहुतेक जण माझ्या शाखेकडे वळणार नाहीत. तरी शेक चालू असलेला कोणी तुमच्या ओपीडीत आला तर त्याचे वजन घ्या, काल काय गिळता आले ते विचारा आणि तो आण्यांत सांगो की आकड्यांत, त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहा. दर आठवड्याला लिहा.